प्रवचनातला ऐकणारा: शुभवर्तमान आणि रोजचं जगणं

या मालिकेत आपण ग्रंथ कसा वाचला जातो याबद्दल बोलतो आहोत. गेल्या वेळी पोथीवाचनाबद्दल बोललो. आज विषय थोडा वेगळा आहे. कॅथलिक चर्चमध्ये दर रविवारी मिस्सेच्या वेळी बायबलमधली वाचनं होतात. शेवटचं वाचन शुभवर्तमानातलं असतं, ते लोक उभं राहून ऐकतात. मग सगळे खाली बसतात आणि धर्मगुरू दहापंधरा मिनिटं बोलतात. त्याला प्रवचन म्हणतात. आत्ता वाचलेल्या मजकुराचा आपल्या आजच्या जगण्याशी काय संबंध, एवढंच त्या दहापंधरा मिनिटांत सांगायचं असतं. एवढंच म्हटलं खरं, पण या 'एवढ्याच'पायी माणसांचे जीव गेलेत आणि राजांना कायदे करावे लागलेत.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, धर्मशास्त्राचा नाही. माझं कुतूहल अगदी साधं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाइनमधल्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना सांगितलेली गोष्ट आज दुसऱ्याच माणसाला लागू होते, ती कशी? कोण लावतं ती? या प्रकारच्या चर्चेत नेहमी बोलणाऱ्याचाच विचार होतो. अमुक फादर किती छान बोलले, तमुक बिशपांचा आवाज काय होता! मला आज ऐकणाऱ्याबद्दल बोलायचंय.

सुरुवात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून करू. रोममध्ये जस्टिन नावाचा एक तत्त्वज्ञ होता, पुढे तो हुतात्मा झाला. साधारण १५५ च्या सुमारास त्यानं रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारा एक अर्ज लिहिला. त्यात रविवारच्या सभेचं वर्णन आहे. शहरातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक एकत्र जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लेखन वाचलं जातं, वेळ असेल तितकं. मग अध्यक्ष बोलतो आणि ऐकलं त्याप्रमाणे वागा असं सांगतो. पुढे प्रार्थना, भाकर, द्राक्षारस. आणि त्यानंतर ज्यांना शक्य आहे ते पैसे देतात. ते पैसे अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी असतात. म्हणजे वाचन, बोलणं आणि कनवटीचा पैसा या तिन्ही गोष्टी पहिल्यापासून एकाच तासात बसवलेल्या आहेत. हे ध्यानात ठेवा.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. कुठल्या रविवारी काय वाचायचं हे प्रवचन करणारा ठरवत नाही. हळूहळू वर्षाचं एक वेळापत्रकच तयार झालं. आगमनकाळाच्या अमुक रविवारी अमुक उतारा, उपवासकाळात तमुक. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगाला अभंग स्वतः निवडतो, उत्तररंगाला आख्यान स्वतः निवडतो. तसं इथे नाही. शुक्रवारी गावात काहीही घडलेलं असो, रविवारी जे पान आहे ते आहे. प्रवचनकाराला हे बंधन वाटत असणार. मला मात्र ती मोठी सोय वाटते. ऐकणाऱ्याला उद्या कोणी म्हणू शकत नाही की फादरांनी मुद्दाम मला टोचायला हा उतारा काढला. उतारा पंचांगातूनच आलेला असतो.

सहाव्या शतकाच्या शेवटी रोममध्ये पोप ग्रेगरी होते. शहरात प्लेग, बाहेर लोंबार्ड टोळ्या. त्यांनी शुभवर्तमानावर दिलेली चाळीस प्रवचनं शिल्लक आहेत. पहिल्याच प्रवचनात वाचन आहे लूकचं, आकाशातली चिन्हं, समुद्राची गर्जना, लोकांचा थरकाप. ग्रेगरी सांगतात, दूर कशाला जाता, परवाचं वादळ आठवा. जुनी झाडं उन्मळली, घरं पडली, चर्चं पायापासून उखडली. समोरच्या लोकांनी कदाचित त्याच सकाळी पडकी भिंत आवरली असेल. पण मला ग्रेगरींची दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. त्यांचं पोट कायम बिघडलेलं असायचं, आवाज निघायचा नाही. म्हणून पहिली वीस प्रवचनं त्यांनी सांगून लिहून घेतली आणि लेखनिकानं ती लोकांपुढे वाचली. पण लोकांचं लक्ष लागेना. एकविसाव्याच्या सुरुवातीला ते कबूल करतात की वाचून दाखवलेलं तुम्ही मन लावून ऐकत नाही, तेव्हा आता मी स्वतःच बोलतो. हे व्याख्यान तुम्ही पुढे लेखी स्वरूपात वाचणार आहात, म्हणून मुद्दाम सांगितलं!

त्याआधी दक्षिण फ्रान्समध्ये आर्ल इथं सीझेरियस नावाचे बिशप होते. त्यांच्या चरित्रात नोंद आहे की वाचनं झाली की लोक बाहेर पडायचे, म्हणून ते प्रवचनाच्या वेळी दारंच लावून घ्यायचे. हसू नका, मीसुद्धा कॉलेजात हजेरी शेवटी घ्यायचो. पण हेच सीझेरियस भाषेच्या बाबतीत मोठे होते. शेतकऱ्यांपुढे शेताचीच उदाहरणं द्यायचे. वाचता येत नाही अशी सबब सांगणाऱ्यांना ते म्हणत, निरक्षर व्यापारी हिशेबासाठी पगारी कारकून ठेवतातच ना? मग शास्त्र वाचून दाखवायलाही माणूस ठेवा. पुढे ८१३ मध्ये तूरच्या धर्मसभेनं ठरावच केला की प्रवचनं लोकांच्या गावठी रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत करावीत. लॅटिन आता लोकांना कळत नव्हती, ही त्याची सरळ कबुली होती.

इथपर्यंतचा इतिहास मी भराभर सांगितला, कारण त्यात कोणाला फारशी इजा झालेली नाही. आता आपण अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर जाऊ. साल १५११. हिस्पॅनिओला बेट, सांतो दोमिंगो गाव. कोलंबसानं ते बेट गाठून एकोणीस वर्षं झाली होती. स्पॅनिश लोकांना तिथले मूळ रहिवासी वाटून दिलेले होते. कागदावर त्यांची काळजी घेण्यासाठी, प्रत्यक्षात खाणीत सोनं काढायला आणि शेतात राबायला. माणसं झपाट्यानं मरत होती. एक वर्षापूर्वी डोमिनिकन संघाचे काही साधू बेटावर आले होते. ते हे पाहत होते. त्यांनी आपसात चर्चा केली, एक प्रवचन लिहिलं, सगळ्यांनी त्याखाली सह्या केल्या आणि ते बोलायला आंतोनियो दे मोंतेसिनोस यांना पुढे केलं. दिवस निवडला २१ डिसेंबर, आगमनकाळाचा चौथा रविवार. त्या वेळच्या उपासनेत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा प्रसंग येतो, अरण्यात ओरडणाऱ्याचा आवाज. समोर गव्हर्नर दिएगो कोलंबस बसलेले, सगळे अधिकारी बसलेले.

मोंतेसिनोस म्हणाले, या बेटाच्या अरण्यात ओरडणारा आवाज तो मी. आणि मग त्यांनी प्रश्नच विचारले. कुठल्या अधिकारानं तुम्ही या लोकांना गुलामीत ठेवलंत? हे लोक माणसं नाहीत का? त्यांना आत्मा नाही का? तुम्ही जसे आहात तसेच राहिलात तर तुमचा उद्धार होणार नाही. शब्दशः प्रत आपल्याकडे नाही, बार्तोलोमे दे लास कासास यांनी आपल्या इतिहासग्रंथात जे नोंदवलं तेच आपल्याला ठाऊक आहे. जेवण झाल्यावर मंडळी मठावर चालून गेली. पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या. पुढच्या रविवारी चर्च गच्च भरलं. मोंतेसिनोस चढले आणि तेच पुन्हा बोलले, शिवाय सांगितलं की असे लोक बाळगणाऱ्यांची पापकबुली आम्ही ऐकणार नाही. तक्रार थेट राजा फर्डिनंडपर्यंत गेली आणि १५१२ च्या डिसेंबरात बुर्गोसचे कायदे झाले. त्या कायद्यांनी वेठ बंद केली नाही, फक्त तिला नियम लावले. तरी एका प्रवचनामुळे राजाला कायदा करावा लागला हे खरं.

पण माझा मुद्दा पुढे आहे. हेच लास कासास तेव्हा स्वतः असे लोक बाळगून होते. धर्मगुरू असूनही! एका डोमिनिकनानं त्यांची पापकबुली ऐकायला नकार दिला होता, तरी ते बदलले नाहीत. १५१४ साली ते क्युबात होते. पेन्टेकॉस्टच्या सणाला प्रवचन करायचं होतं म्हणून तयारीला बसले आणि सिराख नावाच्या जुन्या करारातल्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायापाशी आले. अन्यायानं मिळवलेल्या वस्तूचा नैवेद्य देवाला चालत नाही आणि गरिबाची भाकर हिरावणारा खुनीच होय, असा तिथं आशय आहे. हे शुभवर्तमान नव्हे, पण काम त्यानं तेच केलं. दुसऱ्याला सांगायला निघालेला माणूस स्वतः ऐकणारा झाला. काही आठवडे ते विचार करत राहिले आणि १५ ऑगस्टच्या सणाला व्यासपीठावरून जाहीर करून आपली माणसं त्यांनी सोडून दिली. इथे त्यांचा पुतळा करू नका. दोनच वर्षांनी त्यांनी मूळ रहिवाशांऐवजी आफ्रिकी गुलाम आणावेत असं सुचवलं होतं आणि त्याचा पश्चात्ताप त्यांना फार उशिरा झाला. म्हणजे मजकुरानं पकडलं तरी अख्ख्या माणसाला पकडेल असं नाही.

थोडं तत्त्वज्ञान करू द्या, मोह आवरत नाही. हान्स गेओर्ग गाडामर यांचा 'सत्य आणि पद्धती' हा ग्रंथ १९६० साली आला. आपली सवय अशी की आधी मजकूर समजून घ्यायचा, मग स्वतंत्रपणे तो परिस्थितीला लावायचा. गाडामर म्हणतात, असे दोन टप्पे नसतात. लावणं हा समजण्याचाच भाग आहे. त्यासाठी ते दोन नमुने घेतात, कायद्याचा अर्थ लावणारा न्यायाधीश आणि शास्त्राचा अर्थ लावणारा प्रवचनकार. समोर खटला आल्यावरच न्यायाधीशाला कलमाचा अर्थ पुरता कळतो. तसंच इथेही.

मला हे पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं वर्गात. संध्याकाळच्या कॉलेजात न्यायाची संकल्पना शिकवताना मी मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला द्यायचो. मालक सकाळी मजूर आणतो, एक दिनार ठरवतो, तेव्हाची एका दिवसाची मजुरी. पुन्हा नवाला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचाला आणखी मजूर आणतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. सकाळचे कुरकुरतात. माझी बहुतेक मुलं म्हणायची, सर, हा अन्याय आहे, कामाच्या प्रमाणात दाम हवा. मग मी अॅरिस्टॉटल काढायचो, वाटपाचा न्याय वगैरे. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील मजूर नाक्यावर उभे राहायचे. तो म्हणाला, "सर, पाच वाजेपर्यंत कोणी नेलं नाही म्हणजे तो माणूस आराम करत होता असं वाटतं का तुम्हाला? उभं राहणं हे कामापेक्षा जड असतं. आणि घरी चूल एकाच दिनारात पेटते, पाव दिनारात नाही." वर्ग गप्प झाला. त्या मुलानं मजकुरात बाहेरचं काही घातलं नव्हतं. मालक त्या पाचच्या मजुरांना विचारतो की रिकामे का उभे आहात, आणि ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. ते उत्तर पानावर होतंच. मी वीस वेळा वाचलं होतं, पण त्या वाक्यावर माझा डोळा कधी थांबला नव्हता, कारण मी कधी नाक्यावर उभा राहिलो नव्हतो.

आता आपल्या भागाकडे येऊ. गोव्यातला साष्टी प्रांत, सोळाव्या शतकाची अखेर. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरले आणि १६१९ मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या, मराठी भाषा, पण अक्षरं रोमन, कारण आपल्या लिपीचे खिळे पाडणं जमलं नाही. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण सगळ्यांनी शाळेत वाचल्या आहेत. त्या ओव्यांमुळे एक नुकसान झालं. आपण क्रिस्तपुराण म्हणजे मराठीचं प्रशस्तिपत्र समजून बसलो आणि ते उघडून पुढे वाचलंच नाही.

पुढे वाचलं तर काय दिसतं? पुराणाची चौकट. साष्टीतल्या एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी दुपार कलल्यावर पाद्री धर्मशिक्षण देताहेत. नवे ख्रिस्ती झालेले लोक बसलेत. त्यांच्यातला एक ब्राह्मण उठून नम्रपणे विचारतो. तुम्ही आम्हाला प्रार्थना शिकवल्यात, तत्त्वं शिकवलीत. पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्यासारखं काही आम्हाला का देत नाही, ज्यात आमचं मन रमेल? आणि पाद्री त्यावर पुराण सांगू लागतात. मधून मधून श्रोते शंका विचारतात, गुरू उत्तर देतात.

हा प्रश्न काव्याची सोय म्हणून सोडून देऊ नका. 'तुम्ही बंद केलीत' हे शब्द फार मोठे आहेत. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. १५६७ मध्ये साष्टीतली मंदिरं पाडली गेली, त्याच वर्षीच्या धर्मसभेनं जुन्या धर्माचे ग्रंथ जवळ बाळगायला मनाई केली. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं आणि त्याचा सूड पोर्तुगीजांनी गावच्या गावकरांना ठार करून घेतला. ते पाच मृतदेह मिळवायला जे गेले त्यांत स्टीफन्स होते. म्हणजे ज्या माणसानं हे सगळं जवळून पाहिलं, त्यानं आपल्या काव्याच्या पहिल्याच अवस्वरात या जखमेला तोंड फुटू दिलं. ब्राह्मण अत्यंत अदबीनं बोलतो, पण तक्रार तक्रारच आहे. आमच्या रात्री ज्या कथांनी भरलेल्या होत्या त्या तुम्ही काढून घेतल्यात, आता आम्ही काय ऐकायचं? स्टीफन्सनी हा प्रश्न गाळला असता तर कोणी विचारलं नसतं. आणि त्या प्रश्नामुळेच शुभवर्तमानाला ओवी मिळाली, पुराणाची बैठक मिळाली. ऐकणाऱ्यानं मजकुराचं रूप ठरवलं. उत्तर मात्र प्रत्येक वेळी गुरूचंच राहतं, शंका फिटते आणि कथा पुढे जाते, हेही सांगायला हवं. ज्याला 'तुमची मंदिरं कोणी पाडली' असं विचारता येत नाही तो श्रोता पुरता मोकळा नसतो.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी पोर्तुगीज बोलावी, स्थानिक भाषा सोडावी. रविवारच्या वेदीवर तर लॅटिनच होती. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६२ मध्ये मिस्सा लोकभाषेत करायला मान्यता दिली नव्हती, फक्त वाचलेलं वारंवार समजावून सांगा एवढं बजावलं होतं. चांगल्या धर्मगुरूंनी ते केलं, आळशी लोकांनी नाही. पुष्कळ ठिकाणी प्रवचन म्हणजे आज्ञा, पापं आणि नरक यांची यादी झाली. वाचनाशी त्याचा संबंध असलाच तर योगायोगानं.

बदल आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर झाला. त्यात म्हटलं की प्रवचन हे उपासनेचंच अंग आहे आणि रविवारी ते गंभीर कारणाशिवाय टाळू नये. लोकभाषेला दार उघडलं. १९६९ मध्ये वाचनांचं नवं वेळापत्रक आलं. पूर्वी दरवर्षी तेच उतारे यायचे. आता तीन वर्षांचं चक्र झालं, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात. सामान्य कॅथलिक माणसाच्या कानावर एकदम कितीतरी जास्त बायबल पडू लागलं, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत. परिषदेतल्या मोठ्या वादांबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, पण मला वाटतं सगळ्यात दूरगामी बदल हा साधा वेळापत्रकाचाच होता.

मग ऐकणाऱ्याचं काय झालं? याची दोन उदाहरणं मध्य अमेरिकेतली देतो, कारण तिथे ही गोष्ट टोकाला गेली आणि म्हणून स्पष्ट दिसते.

निकाराग्वा देशात एक प्रचंड सरोवर आहे आणि त्यात सोलेंतिनामे नावाची छोटी बेटं. कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल १९६६ पासून तिथं राहिले. रविवारी ते प्रवचन करतच नसत. शुभवर्तमान वाचायचं आणि मग कोळी, शेतकरी, त्यांच्या बायका, पोरं, जो बोलेल त्यानं बोलायचं. या गप्पा त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आणि १९७५ पासून त्या पुस्तकरूपानं आल्या. वाचताना मजा येते. जाळ्याची गोष्ट कोळ्यानं ऐकणं आणि आपण ऐकणं यात फरक आहेच. हेरोद राजाचा प्रसंग आला की त्यांना सोमोसा आठवतो, त्यांचा हुकूमशहा. पण पुढे पुढे वाचताना मला खटकू लागतं. कुठलंही पान काढा, उत्तर एकच, क्रांती. प्रश्न लोकांचा आहे हे ठीक, पण मजकूर आता कोणाला आश्चर्यात पाडत नाही, तो आधीच ठरलेल्या मताला होकार देतो. १९७७ च्या ऑक्टोबरात तिथल्या काही तरुणांनी सान कार्लोसच्या लष्करी ठाण्यावरच्या हल्ल्यात भाग घेतला आणि मग नॅशनल गार्डनं ती वस्ती उद्ध्वस्त केली. त्या पोरांना दोष द्यायला मी इथे आरामात बसून तयार नाही. वाचनाच्या पद्धतीबद्दल मात्र माझी शंका राहते.

शेजारच्याच एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी उलटी वाट धरली. ते स्वतः बोलायचे, आणि भरपूर, तास तास, कधी दीड तास. चर्चच्या मालकीच्या वायएसएएक्स या रेडिओ केंद्रावरून ते देशभर जायचं, खेड्यांत लोक ट्रान्झिस्टरभोवती बसायचे. रचना ठरलेली. आधी त्या रविवारच्या तिन्ही वाचनांचं सावकाश विवेचन, अगदी शिकवल्यासारखं. मग त्या आठवड्यात देशात काय घडलं त्याची नोंद. कोण मारलं गेलं, कोण बेपत्ता झालं, कुठे. नावं घेऊन. ही माहिती लोकच आणून द्यायचे. ज्या आईचा मुलगा नाहीसा झाला ती आर्चबिशपांच्या कचेरीत यायची, आणि रविवारी तिच्या मुलाचं नाव देशाला ऐकू यायचं. वर्तमानपत्रं छापत नव्हती ते वेदीजवळून सांगितलं जायचं. म्हणून त्या केंद्रावर बॉम्ब टाकले गेले. रोमेरोंनी सरकारी हिंसेचा निषेध केला तसा गनिमांच्या हिंसेचाही केला, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या.

२३ मार्च १९८० हा उपवासकाळाचा पाचवा रविवार होता. पंचांगातलं वाचन होतं योहानच्या आठव्या अध्यायातलं, व्यभिचारात पकडलेली स्त्री आणि तिच्याभोवती दगड घेऊन उभे असलेले पुरुष. माणसाचा जीव घेण्याचा अधिकार कोणाला आहे, असा त्या पानाचा प्रश्न. त्या दिवशी शेवटी रोमेरो थेट सैनिकांशी बोलले. तुम्ही मारताय ते तुमचेच शेतकरी भाऊ आहेत, देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळायला कोणी बांधील नाही, दडपशाही थांबवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका कॅन्सर रुग्णालयाच्या छोट्या चॅपलमध्ये मिस्सा करत असताना त्यांना गोळी घातली. त्या मिस्सेचं वाचन होतं जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचं. २०१८ मध्ये चर्चनं त्यांना संत म्हणून घोषित केलं.

कार्देनाल आणि रोमेरो यांच्यात मला रोमेरोंकडे जास्त ओढ वाटते. कार्देनालांनी व्यासपीठ सोडलं, ते धाडसच होतं. रोमेरोंनी सोडलं नाही, पण त्यावर उभं राहण्याआधी आठवडाभर ऐकलं. आणि वाचनाची पानं उलटीसुलटी केली नाहीत.

आता शेवटी मराठीकडे. मराठी कॅथलिक समाज छोटा आहे, पण त्याचं लेखन जुनं आहे. जेझुइट हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेलं 'निरोप्या' हे मासिक १९०३ पासूनचं. वसईचं 'सुवार्ता' फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दोन तपं सांभाळलं. त्यांच्या 'सुबोध बायबल'च्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या वेळी काही लोकांनी धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून गदारोळ केला, धमक्यांचे फोन केले. असो. मला त्यांची आठवण वेगळ्या कारणासाठी काढायची आहे. वसई म्हणजे केळीच्या बागा, विड्याची पानं, भाजीपाला आणि घराघराची विहीर. १९८० च्या दशकापासून तिथे बिल्डर आले आणि टँकर आले. विहिरींतून पंप लावून गोडं पाणी उपसून विकलं जाऊ लागलं. समुद्रकाठचा प्रदेश, गोडं पाणी उपसलं की खारं आत शिरतं. बागा वाळू लागल्या. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, दिब्रिटो तिचे नेते होते आणि त्यांच्याबरोबर हिंदू, ख्रिस्ती, सगळेच होते.

आता त्या तीन वर्षांच्या चक्रात मत्तयच्या वर्षी उपवासकाळाचा तिसरा रविवार काढा. वाचन आहे योहानचा चौथा अध्याय. भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर पाणी भरायला आली आहे आणि दमलेला येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती उलट विचारते, तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडे पाणी कसं मागता? पुढे तर विचारते, तुमच्याकडे पोहरा नाही, विहीर खोल आहे, काढणार कशानं? शतकानुशतकं या उताऱ्यावर आध्यात्मिक तहानेचं विवेचन झालंय, आणि ते बरोबरच आहे, योहानचा रोखही तिकडेच आहे. पण ज्या गावात विहिरीचं पाणी यंदा मचूळ झालंय आणि शेजाऱ्यानंच टँकरवाल्याला आपली विहीर दिलीय, तिथल्या बाईला हे वाचन ऐकताना आधी पोहराच दिसणार. विहीर कोणाची, हा प्रश्न तिला दिसणार. ती त्या कथेत योग्य जागीच उभी आहे. कारण शुभवर्तमानांत येशूचा एका माणसाशी झालेला सर्वांत लांब संवाद जर कोणाशी असेल तर तो याच बाईशी आहे, आणि ती प्रत्येक वाक्याला शंका काढते.

मला विचारतात, मग सामान्य रविवारी, जिथे ना हुकूमशहा आहे ना टँकर, तिथे काय? घरात आजारी सासू, मुलाची फी, भावाशी बंद पडलेलं बोलणं. मला वाटतं तिथे काम जास्त कठीण आहे, कारण तिथे गुळगुळीत बोलून निभावता येतं. मत्तयच्याच पंचविसाव्या अध्यायातला तालांतांचा दाखला घ्या. तालांत म्हणजे चांदीचं एक वजन, साधारण सहा हजार दिवसांची मजुरी. आपण त्याचं 'टॅलेंट' केलं, म्हणजे अंगचे गुण, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातलं भाषण तयार! पंधरा-सोळा वर्षांची मजुरी एखाद्याच्या हातात ठेवली तर तो घाबरून ती जमिनीत पुरेल की नाही, हे विचारायचंच राहून जातं. त्या घाबरलेल्या तिसऱ्या चाकराबद्दल मी अनेकांना विचारलं आहे. सर्वांत चांगलं उत्तर मला बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी दिलं. त्या म्हणाल्या, "त्यानं मालकाला आधीच कठोर ठरवून टाकलं होतं ना, तो पैशाला नाही, मालकाला भ्यायला." मग त्यांनी विषय बदलला आणि आपल्या वडिलांबद्दल बोलू लागल्या.

माझी वेळ संपत आली. पाणी पितो, तोवर माइक मागच्या रांगेकडे द्या.